चमकलं ते सगळंच जिवाणू नसतं: फ्लुओरेसंट रंग आणि प्रोब कसे काम करतात

रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीतून भरतीच्या वेळी बाटलीभर पाणी आणलं आणि त्यातला एक थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली ठेवला, तर काय दिसतं? थोडी माती, एखाददुसरा डायाटम (एकपेशीय शेवाळ), कधी वळवळणारा कोपेपॉड (झिंग्यांच्या जातकुळीतला बारीक जीव). जिवाणू जवळपास दिसतच नाहीत. खरं तर किनाऱ्यालगतच्या पाण्यात दर मिलीलिटरला साधारण १० लाखांच्या घरात जिवाणू असतात. थेंब ०.०५ मिलीचा धरला तरी त्यात पन्नासेक हजार झाले. पण एकेक जिवाणू अर्ध्या ते एका मायक्रॉनचा आणि पाण्याइतकाच पारदर्शक. पाण्यात टाकलेला काचेचा मणी जसा हरवतो, तसे ते हरवतात. आगार या पोषक जेलीच्या बशीवर वाढवून मोजायला गेलं तर त्यातले १ टक्काही बहुधा उगवत नाहीत.

त्याच पाण्यात डॅपी नावाचा रंग टाकला, बारीक फिल्टरवर गाळलं आणि अतिनील प्रकाश देऊन पाहिलं, की काळ्याभोर पार्श्वभूमीवर निळे ठिपके उगवतात, अमावास्येच्या आभाळासारखे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, झालं, आता मोजायचं. पण त्या आभाळात काही ठिपके पिवळसर असतात, काही लालभडक, काही मोठे आणि अंधूक. ते जिवाणू नसतात. प्रकाश दिसणं आणि आपल्याला हवा तो रेणू दिसणं यांत मोठं अंतर आहे, आणि फ्लुओरेसंट रंगांची सगळी विद्या त्या अंतरातच आहे.

आधी हा प्रकाश येतो कुठून ते पाहू. त्यासाठी लॅब लागत नाही. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च घ्या. दोन काचेच्या ग्लासांपैकी एकात पाणी, दुसऱ्यात औषधाच्या दुकानातलं स्पिरिट. दोन्हींत नखावर मावेल एवढी हळद टाका, ढवळा, गाळ खाली बसू द्या. अंधारात टॉर्च मारला की स्पिरिट हिरवट-पिवळं झगझगतं, पाण्यातली हळद मात्र मलूल राहते. तिसऱ्या ग्लासात अळूचं पान कुटून स्पिरिटमध्ये भिजवा आणि कापसातून गाळा. हिरव्यागार दिसणाऱ्या त्या द्रवावर टॉर्च मारला की ते रक्तासारखं लाल उजळतं. (टॉर्च कुणाच्या डोळ्यांत मारू नका, आणि स्पिरिटजवळ काडी ओढू नका.)

रेणूने प्रकाशाचा एक कण गिळला की त्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो. तिथे तो काही नॅनोसेकंद थांबतो. तेवढ्या वेळात थोडी ऊर्जा रेणूच्या थरथरण्यात, उष्णतेत जाते. उरलेली ऊर्जा घेऊन तो खाली येतो आणि प्रकाश सोडतो. थोडी ऊर्जा वाटेत सांडल्यामुळे बाहेर पडणारा प्रकाश आत गेलेल्यापेक्षा जास्त तरंगलांबीचा असतो: जांभळा आत, हिरवा बाहेर, निळा आत, लाल बाहेर. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर हे दाखवलं आणि फ्लुओराइट खनिजावरून फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या तरंगलांबीतल्या फरकाला आजही स्टोक्स शिफ्ट म्हणतात.

थंडीच्या दिवसांत कधी कधी कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळतात, ती गोष्ट वेगळी. तिथे नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव हलला की स्वतःच्या रसायनांतून प्रकाश तयार करतो. बाहेरून प्रकाश द्यावा लागत नाही. फ्लुओरेसन्समध्ये आधी द्यावा लागतो, तेव्हा परत मिळतो.

हळदीच्या प्रयोगाकडे पुन्हा वळू, कारण त्यात डॅपीचं मर्म आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जेमतेम विरघळतं, आणि विरघळलं तेवढंही आपली ऊर्जा आजूबाजूच्या रेणूंना उष्णता म्हणून देऊन मोकळं होतं. स्पिरिटमध्ये ती गळती कमी, म्हणून प्रकाश जास्त. रंग तोच, शेजार बदलला. डॅपीचंही तसंच आहे. मोकळ्या पाण्यात तो मंद असतो. डीएनएच्या दोन धाग्यांमधल्या अरुंद खाचेत, विशेषतः डीएनएची ए आणि टी ही अक्षरं जिथे लागोपाठ येतात तिथे, तो घट्ट बसला की सुमारे २० पट उजळतो. म्हणून रंग धुऊन काढला नाही तरी डीएनए उठून दिसतं. ३५८ नॅनोमीटरला तो सर्वांत जास्त प्रकाश घेतो आणि ४६१ ला निळा प्रकाश सोडतो.

परत येणारा प्रकाश दिलेल्या प्रकाशाच्या मानाने अगदी क्षीण असतो, म्हणून मायक्रोस्कोपमध्ये फिल्टर क्यूब लागतो. त्यात तीन काचा: पहिली दिव्याच्या प्रकाशातून हवी तेवढीच तरंगलांबी आत सोडते, मधली तिरकी काच ती नमुन्याकडे वळवते पण परत येणारी जास्त तरंगलांबी आरपार जाऊ देते, आणि तिसरी काच भरकटलेला मूळ प्रकाश अडवते. रंग आणि क्यूब जुळले नाहीत तर उत्तम स्टेन केलेली स्लाइडही काळीठिक्कर दिसते. नवशिक्यांच्या बऱ्याच "स्टेन लागलाच नाही" तक्रारी इथेच संपतात. साय-फाइव्हसारख्या रंगाचं तर आणखी वेगळं: त्याचा प्रकाश ६७० नॅनोमीटरच्या आसपास येतो, तिथे माणसाचा डोळा जवळजवळ आंधळा असतो. आयपीसमधून काही दिसत नाही म्हणून स्लाइड फेकू नका, कॅमेऱ्यावर पाहा.

आता खाडीच्या पाण्यातले जिवाणू प्रत्यक्ष मोजू. नमुना घेताक्षणी ९.५ मिली पाण्यात ०.५ मिली फॉर्मॅलिन घाला. अंतिम प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ येतं आणि जिवाणू आहेत तसे थिजतात. फॉर्मॅलिन हातमोजे घालून आणि फ्यूम हुडमध्येच (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) हाताळा. डॅपी शुद्ध पाण्यात १ मिलीग्रॅम प्रति मिली असा करून ठेवा. फॉस्फेट बफरमध्ये एवढा दाट केला तर तो साका होऊन खाली बसतो, मग स्लाइडवर निळे काटे दिसतात. नमुन्यात अंतिम प्रमाण २ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, वेळ १० मिनिटं, अंधारात. मग ०.२ मायक्रॉन भोकांच्या काळ्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर हलक्या व्हॅक्यूमने गाळा. फिल्टर काळाच हवा, पांढरा स्वतः चमकतो. व्हॅक्यूम जोरात लावला तर नाजूक पेशी फुटतात.

हिशेब सोपा आहे. फनेलखालचं फिल्टरचं क्षेत्र २०० चौरस मिलीमीटर आणि आयपीसमधल्या जाळीचा चौकोन १०० बाय १०० मायक्रॉन, म्हणजे ०.०१ चौरस मिलीमीटर असेल, तर फिल्टरवर असे २०,००० चौकोन मावतात. एका चौकोनात सरासरी ३० पेशी मिळाल्या आणि १ मिली नमुना गाळला असेल, तर ६ लाख. फॉर्मॅलिनमुळे नमुना पातळ झाला म्हणून १० भागिले ९.५ ने गुणा: सुमारे ६ लाख ३२ हजार प्रति मिली. किमान २० चौकोन आणि मिळून निदान ३०० ते ४०० पेशी मोजा. पाच चौकोन मोजून सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

बिघडतं ते पुढे. पावसाळ्यात नद्या जांभ्याची लाल माती खाडीत आणतात. तेव्हा १ मिली गाळलं तर फिल्टर गाळाने झाकून जातो आणि मातीच्या कणांमागचे जिवाणू मोजलेच जात नाहीत. अशा वेळी ०.२ मिली नमुना गाळलेल्या पाण्यात मिसळून २ मिली करा आणि मग गाळा, म्हणजे पेशी फिल्टरभर सारख्या पसरतात. मातीच्या आणि कुजलेल्या पानांच्या कणांवर बसलेला डॅपी बहुधा पिवळट दिसतो, डीएनएवरचा निळा. तो पिवळा मोजायचा नाही. लाल ठिपके शेवाळाचे: अळूच्या पानात दिसलं तेच क्लोरोफिल, स्वतःच्याच फ्लुओरेसन्सने ६८० नॅनोमीटरच्या आसपास उजळलेलं. नारिंगी दिसले तर बरेचदा फायकोएरिथ्रिन असलेले निळे-हिरवे जिवाणू. यांना कुठलाही रंग लावलेला नसतो. म्हणून प्रत्येक तुकडीत एक फिल्टर डॅपीशिवायचा आणि एक निव्वळ गाळलेल्या पाण्यात डॅपी घालून केलेला हवाच. हा दुसरा फिल्टर तुमच्या डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनचं खरं रूप दाखवतो. महिनाभर उघडझाप झालेल्या कॅनमध्ये जिवाणूंची वसाहत असते, आणि ती खाडीच्या नावावर खपते. बफर, रंग, पाणी, सगळं ०.२ मायक्रॉनमधून गाळून वापरा.

डॅपी सांगतो की इथे डीएनए आहे. कुणाचं, ते सांगत नाही. कालवं आणि तिसऱ्या (शिंपल्या) जिथून काढतात त्या पाण्यात व्हिब्रिओ (ज्यांतले काही रोग करतात असे जिवाणू) आहेत का, हा प्रश्न असेल तर साधा रंग अपुरा; तिथे प्रोब लागतो. रंग जिथे बसता येईल तिथे बसतो, प्रोब नेमकी जागा शोधतो. फिश (फ्लुओरेसन्स इन सिटू हायब्रिडायझेशन) या पद्धतीत सुमारे १८ ते २० अक्षरांचा डीएनएचा लहान तुकडा घेतात. त्याचा क्रम त्या जिवाणूच्या रायबोसोमल आरएनएला जुळणारा असतो आणि टोकाला साय-थ्री सारखा रंग जोडलेला असतो. रायबोसोमल आरएनए निवडायचं कारण संख्या. वाढत्या पेशीत रायबोसोम हजारोंनी असतात, म्हणून हजारो दिवे लागतात. एका जनुकावर एकच दिवा लागला असता, आणि तो दिसला नसता.

हायब्रिडायझेशन, म्हणजे प्रोबला आपल्या जागी बसू देणं, ४६ अंशांना दोनेक तास आणि धुणं ४८ अंशांना, ही नेहमीची रीत. खरी मेख फॉर्मामाइडच्या, म्हणजे ही जोडी सैल करणाऱ्या रसायनाच्या, प्रमाणात आहे. ते कमी पडलं तर प्रोब एकदोन अक्षरं न जुळणाऱ्या चुलत जिवाणूंनाही चिकटतो; जास्त झालं तर स्वतःच्याही जागेवर टिकत नाही. प्रत्येक प्रोबचं प्रमाण वेगळं. शिवाय बहुतेक सगळ्या जिवाणूंना बसणारा ईयूबी-३३८ आणि कुणालाच बसू नये असा नॉन-ईयूबी-३३८, हे दोन्ही दर वेळी सोबत चालवायचे. पहिला उजळला नाही तर पद्धत फसली; दुसरा उजळला तर प्रोब वाटेल तिथे चिकटतो आहे.

आणि तरीही खाऱ्या पाण्यात फिश बरेचदा मंद दिसतं. उपाशी समुद्री जिवाणूंत रायबोसोम थोडे, म्हणजे दिवेच थोडे. तेव्हा प्रोबला रंगाऐवजी पेरॉक्सिडेज एन्झाइम जोडतात आणि रंग टायरामाइड या छोट्या रेणूवर बसवतात. एकेक एन्झाइम शेजारी कितीतरी टायरामाइड चिकटवत राहतं आणि प्रकाश कैक पटींनी वाढतो. किंमत अशी की हे मोठं एन्झाइम पेशीत शिरावं म्हणून भिंतीला लायसोझाइमने भोकं पाडावी लागतात, आणि ती जास्त पडली तर पेशीच विरघळते.

कोळंबीच्या तळ्यांत सफेद ठिपक्यांच्या रोगाची तपासणी रिअल-टाइम पीसीआरवर (डीएनएच्या नकला वाढवतानाच मोजणाऱ्या पद्धतीवर) करतात, तिथेही प्रोबच असतो. एका टोकाला चमकणारा फॅम हा रंग, दुसऱ्या टोकाला त्याचा प्रकाश गिळणारा क्वेंचर. दोघं काही नॅनोमीटरवर असेपर्यंत अंधार. विषाणूच्या डीएनएवर प्रोब बसला आणि नक्कल करत येणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमने त्याचे तुकडे केले की फॅम सुटतो आणि उजळतो.

प्रथिनं दाखवायची तर प्रतिपिंडाला रंग जोडतात. ही कल्पना आल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणली. आज हे काम कोणतीही बरी लॅब एका दुपारी करू शकते, पण कोकणातल्या हवेत त्याला विशेष जपावं लागतं. रंगाचा एनएचएस एस्टर (रंगाला लावलेला चिकटणारा रासायनिक गट) प्रथिनातल्या लायसिनच्या अमिनो गटाला पकडतो. पीएच ८.३ च्या आसपास तो गट मोकळा असतो आणि जोड लागते. पण पाणीही एस्टरवर टपलेलं असतं: पीएच ८.६ आणि ४ अंशांना एनएचएस एस्टर दहा मिनिटांत निम्मा फुटतो. म्हणून रंग कोरड्या डीएमएसओत (पाणी नसलेल्या द्रावकात) आणि ऐन वेळी विरघळवायचा. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडली की जुलैच्या दमट हवेतलं पाणी थेट पावडरीवर दव म्हणून बसतं. कुपी बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, चांगली अर्धा तास. उरलेली सिलिका जेलसोबत परत ठेवा.

प्रमाण असं. आयजीजी (नेहमीच्या वापरातला प्रतिपिंड) १ मिलीग्रॅम, ०.५ मिली ०.१ मोलर बायकार्बोनेटमध्ये. त्यात ट्रिस, ग्लायसीन किंवा अझाइड असेल तर आधी डायलिसिस करून काढा; बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) डायलिसिसने जात नाही, ते असेल तर प्रतिपिंड वेगळा शुद्ध करून घ्या; ट्रिस आणि ग्लायसीनचे अमिनो गट आणि बीएसएचे लायसिन रंग खाऊन टाकतात. आयजीजीचा रेणूभार दीड लाख, म्हणजे ६.७ नॅनोमोल. दसपट रंग हवा, ६७ नॅनोमोल. एनएचएस-फ्लुओरेसीनचा रेणूभार ४७३, म्हणून ३२ मायक्रोग्रॅम, अर्थात १० मिलीग्रॅम प्रति मिलीच्या द्रावणाचे ३.२ मायक्रोलिटर. हळूहळू हलवत थेंबाथेंबाने घाला, अंधारात एक तास ठेवा, मग जी-२५ स्तंभातून (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या नळीतून) चालवा. पुढे धावतो तो पहिला पिवळा पट्टा प्रथिनाचा. मागे रेंगाळतो तो सुटा रंग.

किती रंग बसला ते मोजल्याशिवाय वापरू नका. समजा ४९४ नॅनोमीटरला शोषण ०.७० आलं. ते ७०,००० ने (रंगाच्या शोषण गुणांकाने) भागलं की रंग १० मायक्रोमोलर. २८० ला ०.६३ आलं, पण त्यातला काही वाटा रंगाचाच, म्हणून ०.७० च्या ३० टक्के, ०.२१, वजा करा. उरलेले ०.४२ भागिले २,१०,००० (आयजीजीचा शोषण गुणांक) म्हणजे प्रथिन २ मायक्रोमोलर. एका प्रतिपिंडावर पाच रंग. आयजीजीसाठी चार ते सात ठीक. दहाच्या वर गेलं की जास्त उजेडाची आशा फोल ठरते: शेजारी बसलेले फ्लुओरेसीन एकमेकांचा प्रकाश विझवतात, आणि प्रतिजन पकडायच्या जागेवरच रंग बसला तर प्रतिपिंड आपलं काम विसरतो. फ्लुओरेसीनची आणखी एक खोड: पीएच ६.४ च्या आसपास त्याचा उजेड निम्म्यावर येतो. माउंट करायचा द्रव आंबट असेल तर चांगली स्लाइडही विझलेली दिसते.

पेशींवरची पुढची पद्धत सगळीकडे सारखीच आहे: ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड १५ मिनिटं, ०.२ टक्के ट्रायटन (आवरणाला भोकं पाडणारा साबण) १० मिनिटं, बीएसएने एक तास झाकणं, पहिला प्रतिपिंड रात्रभर ४ अंशांना, तीनदा धुणं, रंगाचा दुसरा प्रतिपिंड तासभर अंधारात. फक्त एवढं ध्यानात ठेवा की मिथेनॉलने स्थिर केलेल्या पेशीत फॅलोइडिन हा प्रोब ॲक्टिनच्या तंतूंना धरत नाही, ग्लुटारल्डिहाइडने पेशी स्वतःच चमकू लागते, आणि पहिला प्रतिपिंड न घातलेली एक स्लाइड नसेल तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायला काही आधार नाही.

जिवंत पेशी मात्र वेगळी वागणूक मागतात. डॅपी जिवंत पेशीत नीट शिरत नाही, तिथे होएक्स्ट ३३३४२ घेतात. प्रोपिडियम आयोडाइड धड आवरणाच्या पेशीत शिरूच शकत नाही, म्हणून लाल दिसली ती मेलेली पेशी. कॅल्शियमसाठी फ्लुओ-४ किंवा फ्युरा-२ एएम एस्टरच्या रूपात देतात. तो वेष घेऊन रेणू आवरण ओलांडतो, आतली एन्झाइम वेष उतरवतात आणि तो आत अडकतो. ३७ अंशांना किंवा फार वेळ भरलं तर तो मायटोकॉन्ड्रियातही साठतो आणि पेशीद्रवाच्या कॅल्शियमचं माप चुकतं.

रंग बाहेरून द्यायचाच नसेल तर जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये एक्वोरिया जेलीफिशमध्ये सापडल्याचं सांगितलेलं २३८ अमिनो आम्लांचं हे प्रथिन. चाल्फी यांनी १९९४ मध्ये ते दुसऱ्या जीवांत उजळवून दाखवलं आणि रॉजर त्सिएन यांनी त्याला नाना रंग दिले. तिघांना २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याचा चमकणारा भाग प्रथिन स्वतःच घडवतं, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. खाजणाच्या काळ्या चिखलातल्या ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंत जीएफपी घातलं तर प्रथिन असूनही अंधारच राहतो.

आता यंत्राबद्दल, कारण किनाऱ्यावर तेच आधी हार मानतं. जुन्या १०० वॅटच्या पाऱ्याच्या दिव्याचं आयुष्य २०० ते ३०० तास. लावल्यावर अर्धा तास बंद करू नये, बंद केल्यावर पूर्ण थंड होईपर्यंत लावू नये. वादळी पावसात तासात तीनदा वीज जाणाऱ्या गावी तो लवकर मरतो; एलईडी दिवा घेणं शहाणपणाचं. क्षयरोग तपासणीत ऑरामिनने रंगवलेल्या थुंकीच्या स्लाइडसाठी एलईडी मायक्रोस्कोप आले, त्यामागे हेही एक कारण आहे. लेन्सवर बुरशी चढली की ती काच कोरते आणि पुसून जात नाही. ऑब्जेक्टिव्ह बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल गुलाबी झालं की तापवून निळं करून घ्या, तेल रोज पुसा. रात्री एसी बंद करून सकाळी दमट हवेत गार लेन्स उघडी सोडू नका.

स्लाइड पाहताना शटर बंद ठेवायची सवय लावा. फ्लुओरेसीन डोळ्यांदेखत विझतं, एकदा विझलं की परत येत नाही. जागा शोधायची ती डॅपीच्या किंवा साध्या प्रकाशात, मंद करून. फोटो घेताना कॅमेऱ्याचं ऑटो एक्सपोजर आधी बंद करा. नाही तर कॅमेरा कोऱ्या स्लाइडवरचा किंचित उजेडही ताणून झगझगीत करतो आणि रंगवलेली व न रंगवलेली सारखीच दिसू लागतात. आधी रंगवलेली स्लाइड लावा, सर्वांत तेजस्वी भाग फुटणार नाही एवढं एक्सपोजर ठरवा, समजा २०० मिलिसेकंद, मग त्याच आकड्यावर कोरी, प्रतिपिंड नसलेली आणि एकेका रंगाची स्लाइड घ्या. दिव्याची टक्केवारी, मिलिसेकंद आणि गेन वहीत फोटोच्या क्रमांकाशेजारी लिहा.